कोरडवाहू माळावर कोणत्या झाडाखाली किती नत्र: मातीतील नत्र आणि विकरे मोजण्याची पद्धत

सातारा जिल्ह्यातील माण-खटाव, सांगलीतील जत-आटपाडी आणि सोलापुरातील सांगोला-मंगळवेढा हा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. वर्षाकाठी साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस, तोही मोजक्या दिवसांत पडणारा. खाली बेसाल्टचा खडक आणि त्यावर कुठे वीतभर मुरमाड माती, तर कुठे पुरुषभर खोल काळी. माळावर कुसळी आणि मारवेल गवत, तरवडाची झुडपे, अधूनमधून बाभूळ व बोर, बांधावर कडुनिंब, ओढ्याकाठी वेडी बाभूळ आणि वनीकरणाबरोबर आलेली सुबाभूळ, गिरीपुष्प व निलगिरी हे इथले नेहमीचे चित्र आहे. यांपैकी कोणत्या वनस्पतीखाली नत्र अधिक असतो आणि तो मुळांना घेता येईल अशा रूपात आणणारी विकरे, ज्यांना आपण सर्रास एन्झाइम म्हणतो, कोठे अधिक काम करतात, हा प्रश्न पदव्युत्तर विद्यार्थ्यांपासून पाणलोटाच्या कामातील कार्यकर्त्यांपर्यंत अनेकांना पडतो. हे मोजमाप प्रथमच हाती घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

झाडाखालची माती आणि उघड्या माळावरची माती यांत फरक सापडणे मुळीच अवघड नाही. दोन नमुने तपासले तरी तो सापडतो. तो फरक त्या झाडामुळेच पडला आहे, हे दाखवणे मात्र अवघड आहे. म्हणून या लेखात प्रयोगशाळेत शिरण्यापूर्वीच्या कामालाच अधिक जागा दिली आहे.

मोजायचे नेमके काय

मातीतील एकूण नत्रापैकी ९० टक्क्यांहून अधिक भाग सेंद्रिय रूपात, म्हणजे कुजलेल्या पाल्यात, मुळांच्या अवशेषांत आणि सूक्ष्मजीवांच्या शरीरात अडकलेला असतो. मुळांना सहज घेता येणारा अमोनियम आणि नायट्रेट हा खनिज नत्र त्या मानाने अगदी थोडा. एकूण नत्र ही जुनी ठेव समजावी आणि खनिज नत्र हे रोजचे चलन. ठेव वर्षानुवर्षांनी बदलते, चलन आठवड्यात बदलते. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी लावलेल्या गिरीपुष्पाने एकूण नत्र वाढला का, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. एवढ्या काळात झालेली वाढ मोठ्या साठ्यात बुडून जाते आणि मोजमापाच्या चुकीपेक्षाही लहान ठरते.

विकरांपैकी नवख्याने तीनच घ्यावीत. युरिएज हे विकर युरियाचे अमोनियात रूपांतर करते. फॉस्फेटेज सेंद्रिय पदार्थांतील स्फुरद मोकळा करते. नत्राशी त्याचा थेट संबंध नसला तरी चुनखडीयुक्त जमिनीत हवेतील नत्र स्थिर करणाऱ्या झाडांना स्फुरदाची गरज मोठी असल्याने ते मोजणे उपयोगी पडते. तिसरे डिहायड्रोजनेज, आणि त्याचा स्वभाव पहिल्या दोघांहून वेगळा आहे. ते फक्त जिवंत पेशींच्या आत काम करते. पेशी मेली की तेही संपते. युरिएज मात्र पेशीबाहेर पडून चिकणमातीच्या व ह्यूमसच्या कणांना चिकटते आणि तेथे दीर्घकाळ टिकते. उन्हाळ्यात तापलेल्या मातीत डिहायड्रोजनेज जवळपास सापडत नाही आणि युरिएज मात्र बऱ्यापैकी सापडते, ते यामुळेच. एक विकर आजची हालचाल सांगते, दुसरे मागच्या काही हंगामांची शिल्लक सांगते. पुढे आकडे वाचताना याचा फार उपयोग होतो.

जाता जाता एक गोष्ट. शुद्ध स्फटिकांच्या रूपात वेगळे केलेले पहिले विकर युरिएजच होते. जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये अबईच्या जातीतल्या एका शेंगेच्या बियांतून ते मिळवले आणि त्यासाठी त्यांना १९४६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

जागा निवडणे

येथे घाई करू नये. पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी माण तालुक्यातील एका बांधावरच्या बाभळींखालची माती प्रथम तपासली, तेव्हा खनिज नत्र आणि युरिएज हे दोन्ही आकडे इतके चढे आले की बाभळीच्या गुणगानाचे दोन परिच्छेद मी लगेच लिहूनही टाकले. दुसऱ्या फेरीला भर दुपारी गेलो, तर त्याच बाभळींखाली शेळ्यांचा कळप रवंथ करत बसलेला. राखणाऱ्या आजींनी माझी माती काढायची नळी आणि पिशव्या पाहिल्या आणि म्हणाल्या, “लेकरा, हितली माती कशाला नेतो? हितं दुपारची समदी शेरडं बसत्यात की.” पाल्याचा थर हाताने बाजूला केला, तर खाली तुडवून भुगा झालेल्या लेंड्यांचा बोटभर थर होता. शेळ्या माळभर चरून जो नत्र गोळा करत होत्या तो सावलीत आणून टाकत होत्या, आणि मी त्याचे श्रेय बाभळीला देत होतो. त्या हंगामाचे सगळे नमुने टाकून द्यावे लागले.

तेव्हापासून जागा पक्की करण्याआधी शेतकऱ्याला काही प्रश्न विचारण्याची सवय लावून घेतली आहे. गेल्या तीन वर्षांत येथे मेंढ्या बसवल्या होत्या का? धनगरांचे कळप रानात मुक्कामी ठेवून त्यांच्या लेंड्या-मुताचे खत घेण्याची पद्धत या पट्ट्यात जुनी आहे, आणि एका रात्रीच्या मुक्कामाचा ठसा मातीत बराच काळ उमटलेला राहतो. तलावाचा गाळ टाकला होता का? राज्यात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत पुष्कळ रानांत गाळ पसरला गेला आहे आणि अशा जागी वरची माती मुळी तेथली नसतेच. गवताला वणवा लागला होता का, झाडाखाली कधी उकिरडा होता का, आणि जवळच्या पिकाला युरिया दिला जातो का, हेही विचारावे. उत्तरे वहीत जागेच्या नावापुढे लिहावीत.

यानंतर जमिनीची समानता पाहावी. तुलनेतील सर्व जागा एकाच प्रकारच्या मातीवर, शक्यतो एकाच उतारावर आणि उताराच्या एकाच टप्प्यावर असाव्यात. माथ्यावरचे कुसळीचे गवत आणि ओढ्याकाठची वेडी बाभूळ यांची तुलना केली, तर आपण प्रत्यक्षात माथा आणि ओढा यांची तुलना केलेली असते. शिवाय झाड आधी की सुपीक जागा आधी, ही शंका मनात ठेवावी. माळावर बी पडते सगळीकडे, पण रोप तगते ते खडकाच्या फटीत किंवा माती जरा खोल असलेल्या ठिकाणी. म्हणून झाडाखाली आणि उघड्यावर पहारेने मुरूम लागेपर्यंत एकेक खड्डा घेऊन खोली मोजावी. त्यात मोठा फरक निघाला तर ती जोडी सोडून द्यावी.

प्रत्येक वनस्पतीची किमान पाच स्वतंत्र झाडे घ्यावीत, त्यांचा घेर साधारण सारखा असावा, आणि प्रत्येक झाडाच्या जोडीला छत्राच्या व्यासाच्या निदान दुप्पट अंतरावर उघडी जागा असावी. एका झाडाखालून घेतलेले २० नमुने म्हणजे २० पुनरावृत्ती नव्हेत, ती एकच पुनरावृत्ती आहे. परीक्षकांकडून नापसंत होणाऱ्या प्रबंधांत मला ही चूक सर्वाधिक वेळा दिसली आहे.

झाड शेंगावर्गीय आहे एवढ्यावरून ते नत्र स्थिर करते असे धरून चालू नये. बाभूळ, सुबाभूळ, गिरीपुष्प आणि वेडी बाभूळ यांच्या मुळांवर नत्र स्थिर करणाऱ्या गाठी येतात. चिंच, गुलमोहर आणि तरवड हीही शेंगावर्गीयच, पण त्यांच्या मुळांवर गाठी धरत नाहीत. शंका असल्यास पाऊस सुरू झाल्यानंतर महिनाभराने झाडाजवळचे लहान रोप मातीसकट काढावे, मुळे पाण्यात अलगद धुवावीत आणि एखादी गाठ नखाने चिरून पाहावी. आतून गुलाबी-लालसर दिसली तर ती काम करते आहे; पांढरी, हिरवट किंवा तपकिरी असेल तर नाही. मोठ्या झाडाची मुळे उकरत बसण्यापेक्षा हे सोपे. उन्हाळ्यात गाठी झडलेल्या असतात, तेव्हा न सापडल्यास लगेच निष्कर्ष काढू नये.

वनविभागाच्या किंवा अभयारण्याच्या हद्दीत काम असेल, तर लेखी परवानगी आधी घ्यावी.

हंगाम

कोरडी माती भिजली की तिच्यात काही तासांतच श्वसनाचा आणि नत्र मोकळा होण्याचा मोठा झपाटा येतो. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या बर्च यांनी १९५८ मध्ये तो सविस्तर मांडला, म्हणून त्याला बर्च परिणाम म्हणतात. कोरडेपणात मेलेले सूक्ष्मजीव आणि मातीच्या ढेकळात अडकलेले सेंद्रिय पदार्थ एकदम उपलब्ध होतात आणि उरलेले जीव त्यावर तुटून पडतात. वळवाच्या पहिल्या सरीनंतर मातीला येणारा वास आणि हा झपाटा सोबतच येतात. व्यवहारातील अर्थ असा की सोमवारी कोरड्या मातीचा एक नमुना घेतला आणि बुधवारी सर पडून गेल्यावर दुसरा घेतला, तर दोन्हींतील फरक पावसाचा असेल.

सर्व जागांचे नमुने एकाच दिवशी, फार तर दोन दिवसांत आणि मध्ये पाऊस न पडता घ्यावेत. तीन फेऱ्या परवडत असतील तर मे महिन्याच्या अखेरीस पावसाआधी, पहिल्या चांगल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांनी वाफसा आल्यावर आणि सप्टेंबरअखेर गवत पक्व होताना अशा कराव्यात. एकच फेरी शक्य असेल तर सप्टेंबरची निवडावी. तेव्हा जमीन तुलनेने स्थिर असते आणि काळी मातीही चाळता येते.

नमुना घेणे

झाडाखाली बुंधा आणि छत्राची कड यांच्या मध्यावर चार दिशांना चार ठिकाणे खुणावीत. पाला, काड्या, शेंगा आणि कडुनिंबाखाली निंबोळ्या हाताने बाजूला कराव्यात, पण माती खरवडू नये. उघड्या जागेवर पावसानंतर जो काळसर-हिरवा पापुद्रा दिसतो तो नील-हरित शेवाळाचा असतो आणि हवेतील नत्र स्थिर करतो. तो कचरा समजून काढून टाकला, तर उघड्या जागेचा आकडा विनाकारण खाली येतो.

खोली ० ते ५ आणि ५ ते १५ सेंटीमीटर अशी वेगळी ठेवावी. कोरड्या प्रदेशात विकरांचा बहुतेक फरक वरच्या पाच सेंटीमीटरांतच असतो आणि सरसकट १५ सेंटीमीटरचा नमुना घेतला तर तो पातळ होऊन दिसेनासा होतो. मुरमाड जमिनीत नळी शिरत नाही. तेथे पहारेने सैल करून खुरप्याने चौकोनी कापा काढणे बरे. चारही ठिकाणची माती प्लास्टिकच्या घमेल्यात एकत्र करून तिचा एक संयुक्त नमुना करावा, साधारण अर्धा किलो. पूर्वी खत भरलेले घमेले किंवा खताची रिकामी गोणी वापरू नये, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

त्याच वेळी ठरावीक घनफळाची धातूची कडी ठोकून माती काढावी आणि वाळल्यावर तिचे वजन करावे, म्हणजे स्थूल घनता मिळते. काळी माती ओली असताना फुगते आणि वाळल्यावर आक्रसून भेगाळते, त्यामुळे पुस्तकातील घनता न वापरता त्या दिवशीचीच मोजावी.

नमुने बर्फ भरलेल्या पेटीत ठेवावेत. गाडीच्या डिकीत उन्हात राहिलेल्या बंद पिशवीत नायट्रेटही बदलते आणि डिहायड्रोजनेजही. प्रयोगशाळेत पोहोचताच माती २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढून तिचे दोन भाग करावेत. एक भाग ओलाच, ४ अंश सेल्सिअसला ठेवून विकरांसाठी व खनिज नत्रासाठी वापरावा. खनिज नत्राचा अर्क त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी काढावा आणि विकरे आठवड्याच्या आत मोजावीत. दुसरा भाग सावलीत वाळवून एकूण नत्र व सेंद्रिय कर्बासाठी ठेवावा.

नत्राची मोजणी

एकूण नत्रासाठी केल्डाल पद्धत वापरतात. योहान केल्डाल यांनी ती १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, म्हणजे बिअरसाठी लागणाऱ्या धान्यातील प्रथिने मोजण्याच्या गरजेतून, शोधली. तीव्र गंधकाम्ल आणि जास्त तापमान लागत असल्याने धूर ओढून घेणारी कपाटे नसतील, तर नवख्यांनी हे काम सुसज्ज प्रयोगशाळेकडे सोपवावे.

माती परीक्षणाच्या अहवालात दिसणारा ‘उपलब्ध नत्र’ ही वेगळी गोष्ट आहे. तो बहुधा अल्कधर्मी पोटॅशियम परमँगनेट पद्धतीने काढतात. हेक्टरी २८० किलोपेक्षा कमी म्हणजे कमी, २८० ते ५६० मध्यम आणि त्यावर जास्त, अशी त्याची विभागणी आहे. काही ठिकाणी तर सेंद्रिय कर्बावरूनच नत्राचा अंदाज दिलेला असतो. खत किती द्यावे यासाठी हे ठीक, पण दोन वनस्पतींखालच्या मातीची तुलना करायला ही चाळण फार मोठ्या छिद्रांची आहे.

आपल्याला खनिज नत्र हवा. १० ग्रॅम ओली माती १०० मिलिलिटर, २ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये एक तास हलवून गाळावी आणि अमोनियम व नायट्रेट स्वतंत्रपणे मोजावेत. दोन्ही वेगळे ठेवण्याला कारण आहे. निंबोळीतील घटक अमोनियमचे नायट्रेट होण्याचा वेग मंदावतात (युरियाला निंबोळी तेलाचे लेपन याचसाठी असते), म्हणून कडुनिंबाखाली केवळ बेरीज पाहिली तर रंजक भाग नजरेआड होईल. सोबत प्रत्येक नमुन्यातील थोडी माती १०५ अंशाला २४ तास वाळवून तिची ओल काढावी.

गणित असे चालते. समजा १० ग्रॅम ओल्या मातीत कोरडी माती ९.५ ग्रॅम निघाली आणि अर्कात खनिज नत्र लिटरला १.२ मिलिग्रॅम आढळला. १०० मिलिलिटर अर्कात तो १२० मायक्रोग्रॅम होतो, त्याला ९.५ ने भागले की कोरड्या मातीच्या दर किलोला १२.६ मिलिग्रॅम. स्थूल घनता घन सेंटीमीटरला १.३ ग्रॅम असेल, तर १५ सेंटीमीटर खोलीच्या एका हेक्टरात १९.५ लाख किलो माती असते, म्हणजे हेक्टरी सुमारे २४.६ किलो खनिज नत्र. ओलीची दुरुस्ती विसरली तर पावसाळी नमुन्यांत हा आकडा चांगलाच घसरतो.

पुढे किती नत्र मोकळा होऊ शकेल, याचा स्वस्त अंदाज हवा असल्यास ५ ग्रॅम माती नळीत १२.५ मिलिलिटर पाण्याखाली बुडवून, बूच लावून ४० अंशाला सात दिवस ठेवावी आणि अमोनियममधील वाढ मोजावी.

विकरांची मोजणी

तत्त्व तिन्हींत एकच आहे: विकराला त्याचे खाद्य भरपूर द्यावे, ठरावीक तापमानाला ठरावीक वेळ ठेवावे आणि तयार झालेला पदार्थ मोजावा. यातून शेतात प्रत्यक्ष चाललेले काम कळत नाही, काम करण्याची क्षमता कळते. मे महिन्याच्या मातीला प्रयोगशाळेत पाणी, खाद्य आणि ३७ अंश मिळाले की ती जे करून दाखवते, ते माळावर ती करत असतेच असे नाही.

युरिएजसाठी ५ ग्रॅम मातीत थोडे टोल्युइन, ९ सामूचे (पीएचचे) प्रतिरोधी, म्हणजे सामू स्थिर ठेवणारे, द्रावण आणि युरिया घालून ३७ अंशाला दोन तास ठेवतात आणि निघालेला अमोनिया मोजतात. टोल्युइन ज्वालाग्राही आणि विषारी आहे. खिडक्या उघड्या ठेवून, ज्योतीपासून दूर काम करावे. फॉस्फेटेजसाठी १ ग्रॅम माती आणि एक तास पुरतो, शेवटी पिवळा रंग येतो. आपल्या जमिनींचा सामू बहुधा ८ च्या पुढे असल्याने ११ सामूला मोजले जाणारे अल्कधर्मी फॉस्फेटेज घ्यावे. डिहायड्रोजनेजसाठी ६ ग्रॅम मातीत चिमूटभर कॅल्शियम कार्बोनेट, पाणी आणि टेट्राझोलियमचे रंगहीन द्रावण घालून ३७ अंशाला २४ तास ठेवतात. झाडाखालची जिवंत माती दुसऱ्या दिवशी नळीच्या काचेतून लालसर दिसू लागते, उघड्यावरची क्वचितच. यंत्राकडे जाण्यापूर्वीच निकालाचा अंदाज येतो. हा लाल रंग मिथेनॉलने धुऊन काढतात. काळी चिकणमाती तो धरून ठेवते, त्यामुळे गाळणीतून उतरणारे मिथेनॉल पूर्ण रंगहीन होईपर्यंत धूत राहावे.

प्रत्येक संचात दोन कोरे नमुने हवेत: एकात माती पण खाद्य नाही, दुसऱ्यात खाद्य पण माती नाही. ह्यूमसचा तपकिरी रंग फॉस्फेटेजच्या पिवळ्यात मिसळतो आणि शेळ्या बसलेल्या मातीत अमोनियम आधीच भरपूर असतो. पहिला कोरा नमुना नसेल तर हे दोन्ही विकरांच्या खात्यावर जमा होतात. निकाल कोरड्या मातीच्या दर ग्रॅमला, दर तासाला किती मायक्रोग्रॅम, असा लिहावा आणि सेंद्रिय कर्बाच्या दर ग्रॅमलाही एकदा काढून पाहावा. कित्येकदा झाडाखालचे विकर जास्त दिसते ते केवळ तेथे कर्ब जास्त असल्याने, आणि कर्बाने भागल्यावर फरक नाहीसा होतो.

आकडे वाचताना

झाडाखाली नत्र, कर्ब आणि विकरे वाढलेली दिसणे हे जगभरच्या कोरड्या प्रदेशांत आढळते. अशा जागांना ‘सुपीकतेची बेटे’ म्हणतात. परंतु अमेरिकेच्या न्यू मेक्सिकोतील वाळवंटी कुरणांत हीच बेटे कुरण बिघडल्याची खूण ठरली. सलग गवत जाऊन मेस्काइटची झुडपे आली, झुडपांखाली नत्र साठत गेला आणि मधल्या उघड्या पट्ट्यांतून तो वारा-पाण्याबरोबर निघून गेला. आपली वेडी बाभूळ ही त्याच मेस्काइटच्या कुळातील. म्हणून झाडाखालचा आकडा एकटा न देता, छत्राखालचे आणि उघडे क्षेत्र यांचे प्रमाण मोजून साऱ्या रानाचा सरासरी साठा काढावा. सोलापूरजवळच्या नान्नजसारख्या माळढोकाच्या गवताळ अधिवासात तर नत्र वाढला म्हणजे जमीन सुधारली, असे म्हणणेच चुकीचे आहे. कमी नत्रावर जगणारे गवत हेच त्या माळाचे निरोगी रूप आहे.

डिहायड्रोजनेज आणि युरिएज दोन्ही चढे असतील आणि लेंड्यांचा मागमूस नसेल, तर पाला आणि मुळे यांचा परिणाम मानायला जागा आहे. उन्हाळ्यात युरिएज चढे आणि डिहायड्रोजनेज तळाला असेल, तर ती जुनी शिल्लक आहे. अमोनियम व युरिएज भरपूर आणि कर्बात मात्र फारसा फरक नसेल, तर पुन्हा एकदा दुपारी दोन वाजता त्या झाडाखाली जाऊन यावे. निलगिरीखाली पाल्याचा जाड थर असूनही खनिज नत्र कमी आढळल्यास नवल वाटू नये; तिच्या पाल्यात नत्राच्या मानाने कर्ब फार असतो, आणि तो कुजवणारे जीव मातीतलाच नत्र स्वतःसाठी उचलतात.

वाळवलेल्या मातीचे उरलेले नमुने काचेच्या बरण्यांत, आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाकून ठेवावेत. एकूण नत्र त्यांतून काही वर्षांनीही पुन्हा काढता येतो. डिहायड्रोजनेजसाठी मात्र पुन्हा माळावरच जावे लागते.